उदक सोडणे

यंदाच्या हिवाळ्यात आमचा एक भाचा भोपाळला आमच्याकडे आठ दिवस राहून गेला. शिक्षणासाठी म्हणून तो अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात गेला आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने तिथलाच झाला. सायंकाळी शाहपुऱ्याच्या तलावाकाठी फेरी मारण्याचा आमचा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. त्यात तोही सामील होई. पहिल्याच दिवशी तो कठड्यापाशी थांबला, बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मामा, ह्यात उतरता येईल का?" पोहण्याविषयी विचारतो आहे असे समजून आम्ही नकारार्थी मान हलवली. तेव्हा कळले की त्याला पोहायचे नव्हते. त्याला तळ पाहायचा होता. तिकडे गेल्यापासून चिरंजीव पाणबुडे झाले होते.

पाणबुडा म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे नाक दाबून बुडी मारणारा आणि विहिरीच्या तळातून हंडा काढून देणारा माणूस उभा राहतो. ह्याची विद्या निराळी. पाठीवर हवेची नळकांडी बांधायची, तोंडात नळी धरायची, डोळ्यांवर काच लावायची आणि तासभर पाण्याखाली हिंडायचे. आम्ही 'प्राणवायूची नळकांडी' असे म्हणालो, तर त्याने लगेच दुरुस्ती केली. नळकांड्यात असते ती साधी हवाच, केवळ दाबून भरलेली. निव्वळ प्राणवायू खोल पाण्यात माणसाला विषासारखा बाधतो. हे साधन झाक यीव कुस्तो आणि एमिल गान्याँ ह्या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केले. त्यातली खुबी अशी की सुमारे तेहतीस फूट खाली गेले की अंगावर आणखी एका वातावरणाइतका दाब चढतो, आणि नळीतून येणारी हवा त्या त्या ठिकाणच्या दाबाइतक्याच दाबाची मिळते. म्हणून पाणबुड्याला पहिला धडा मिळतो तो श्वास कधीही न रोखण्याचा, आणि दुसरा वर येताना घाई न करण्याचा. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके, त्यामुळे तिथे कमरेला शिसे थोडे कमी बांधावे लागते. खाली जाताना रंगही एकेक करून माणसाची साथ सोडतात. सर्वांत आधी तांबडा. चाळीस-पन्नास फुटांवर बोट कापले, तर रक्त तांबडे न दिसता काळपट दिसते, असे तो सांगत होता.

तो जिथे बुड्या मारतो त्या जलाशयाचे नाव जोकासी. १९७०च्या दशकाच्या आरंभी एका वीज कंपनीने धरण बांधून एक डोंगरी खोरे भरून टाकले, तो हा जलाशय. त्याचे पाणी नितळपणासाठी प्रसिद्ध आहे. त्या खोऱ्यात पूर्वी वस्ती होती. अटाकुला नावाची एक जुनी विश्रांतिवाडी होती. तीनशे फुटांखाली ती अजून उभी असल्याचे २००४ साली पाणबुड्यांना आढळले. एका चर्चच्या आवारातील दफनभूमी सव्वाशे फुटांहून अधिक पाण्याखाली गेली आहे. त्या नावाचा अर्थही विलक्षण आहे. चेरोकी लोकांच्या दंतकथेप्रमाणे जोकासी ही एक तरुणी. तिचा प्रियकर मारला गेल्यावर ती पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. जोकासी म्हणजे 'हरवलेलीचे ठिकाण'. हे ऐकताच आम्हांस आमची राणी कमलापती आठवली. तिनेही ह्या भोपाळच्या तलावात देह ठेवला अशी इकडची आख्यायिका आहे, आणि २०२१ पासून येथील एका रेल्वे स्थानकास तिचे नाव आहे. तिच्या महालाचे कित्येक मजले पाण्याखाली आहेत असे लोक सांगतात. उतरून मोजलेला माणूस मात्र आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

आता शाहपुऱ्याविषयी. हा तलाव राजा भोजाच्या काळचा नव्हे. १९७४-७५च्या सुमारास बांध घालून तो केलेला आहे. त्याच्या भोवती वसाहती वाढल्या, आणि त्या वसाहतींचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात येत राहिले. त्या वसाहतींत आम्हीही आहोत. दुरून पाहता, विशेषतः सूर्यास्ताच्या वेळी, तलाव मोठा रम्य दिसतो. जवळ गेले की पाणी हिरवट व अपारदर्शक. ह्यात उतरलेल्या माणसाला स्वतःचा तळहातही दिसणार नाही. आमच्या शहरात पाण्याखाली जाणारे लोक नाहीत असे नाही. त्यांना इकडे गोताखोर म्हणतात. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे धाकट्या तलावाच्या खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाच्या वेळी नावा उलटून अकरा तरुण बुडाले, तेव्हा असेच लोक खाली गेले होते. गढूळ पाण्यातला गोताखोर डोळ्यांनी शोधत नाही, हातांनी चाचपतो. भाचा पाहण्यासाठी खाली जातो, गोताखोर कुणाला तरी वर आणण्यासाठी. दोघांच्या बुडीत एवढे अंतर आहे, आणि आमचा भाचा प्रामाणिक असल्यामुळे ते त्याने आपण होऊनच कबूल केले.

पण त्याच्या मनात शंका होती ती दुसरीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेरीवरून परतताना तो म्हणाला, "मामा, ज्या पाण्यात मी हौसेने तरंगतो त्याच्या तळाशी लोकांची घरे आहेत. त्यांच्या अंगणावरून मी मजा म्हणून पोहत जातो. हे बरे का?"

वकिलाला असा प्रश्न विचारला की त्याच्या जिभेवर उत्तर तयार असते. जमीन रीतसर संपादन झाली, मोबदला दिला गेला, मालकी पालटली; आता ते पाणी कोणाच्या अंगणावर नाही, जलाशयावर आहे. असे उत्तर आम्ही दिलेही. ते ऐकून तो गप्प राहिला. आणि खरे सांगायचे तर, ते उत्तर देताना आमचाच आवाज आम्हांला परका वाटला. त्याचे कारण पुढे येईल.

'एखाद्या वस्तूवर उदक सोडणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार सर्वांस ठाऊक आहे. कोंकणी घरांत तर उदक हा रोजच्या तांब्यातला शब्द. आमची आजी चुलीपासून 'उदक हाड रे' म्हणून हाक मारी, तेव्हा हाच शब्द संध्येच्या पळीतही असतो ह्याचे आम्हां मुलांना काही वाटत नसे. मराठीत तो शब्द मुख्यतः विधीपुरता उरला, आणि विधीतून ह्या वाक्प्रचारात आला. दान देणारा हातावर पाणी घेतो, संकल्प उच्चारतो, पाणी सोडतो, आणि त्या क्षणी वस्तूवरचा त्याचा हक्क संपतो. ही केवळ भटभिक्षुकी नव्हे. हा आपल्याकडचा जुना दस्तऐवजी कायदा आहे. ज्या राजा भोजाने भोपाळचा मोठा तलाव बांधविला अशी परंपरा आहे, त्याचे १०२० सालचे दोन ताम्रपट बांसवाडा व बेटमा येथे सापडले आहेत. त्यांतील भूमिदान पाणी सोडूनच दिलेले आहे. आपल्या वाचकांस गंमत वाटेल ती अशी की ही दोन्ही दाने कोंकणच्या विजयोत्सवानिमित्त दिलेली होती. आमच्या पूर्वजांच्या भूमीवर मिळवलेला विजय माळव्याच्या राजाने पाणी सोडून साजरा केला, आणि आज आम्ही त्याच्याच नगरीत तलावाकाठी फिरतो आहोत; इतिहासाला असे विनोद सुचतात खरे.

पण मुद्दा असा. उदक सोडण्याच्या ह्या विधीला दोन गोष्टी लागतात. एक, पाणी ज्याने सोडायचे तो त्या वस्तूचा धनी असला पाहिजे; दुसऱ्याच्या वस्तूवर आपण उदक सोडू शकत नाही. दुसरी, संकल्पात नाव घ्यावे लागते: कोणत्या देशी, कोणत्या काळी, कोण, काय देतो आहे. मुकाट्याने सोडलेले पाणी ते सांडलेले पाणी. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही दानाची व्याख्या करताना ते स्वेच्छेने दिलेले असावे अशीच अट घातली. इंग्रजी कायदा आणि आमचा पळीपंचपात्रीचा कायदा ह्या ठिकाणी एकमेकांना भेटतात.

धरणाच्या पोटात जे गाव जाते त्याच्यावरही पाणीच सोडले जाते. मात्र ते सोडणारा हात गावाचा नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. पुष्कळांच्या हितासाठी थोडक्यांनी त्याग करावा ही नीती काय आजची आहे? धरणे झाली नसती तर शेते कोरडी राहिली असती, शहरे तहानलेली राहिली असती. हे सर्व खरे आहे, आणि नळाचे पाणी पिऊन धरणाविरुद्ध निबंध लिहिण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. आमचा आक्षेप धरणावर नाही, 'त्याग' ह्या शब्दाच्या वापरावर आहे. त्याग करणारा आणि ज्याच्याकडून घेतले जाते तो, हे दोन निराळे पुरुष आहेत. दुसऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला त्याचा त्याग म्हटले की घेणाऱ्याचे ऋण फिटल्यासारखे होते, आणि वर त्या बिचाऱ्याला पुण्यही चिकटवून देता येते. घेणे कधी कधी अटळ असते. पण घेतले तर घेतले असे म्हणावे.

गोमंतकातील कुर्डीचे उदाहरण आमच्या पुष्कळ वाचकांना जवळचे आहे. सांगे तालुक्यातील हे गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेले. दयानंद बांदोडकर स्वतः गावात जाऊन लोकांशी बोलले होते. धरण झाले तर साऱ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल असे त्यांनी सांगितले, आणि ते खोटे नव्हते. १९८६ साली गाव बुडाले. लोक वाडें आणि वालकिणी येथे वसविण्यात आले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांच्या नावात जे गाव आहे ते हेच. तिथले प्राचीन महादेवाचे मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सुटा करून उचलले आणि दुसरीकडे पुन्हा उभे केले. उरले ते सगळे पाण्याखाली गेले. पण कुर्डीचे वैशिष्ट्य असे की तिथे भाच्याच्या नळकांड्यांची गरज पडत नाही. मे महिन्यात पाणी उतरते आणि गावच वर येते: जोती, वाटा, विहिरीचे कठडे, वठलेले बुंधे. त्या दिवसांत जुने गावकरी तिथे जमतात. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाचे फेस्त करतात. माणसे आपल्या घराच्या जोत्यावर उभी राहून मुलांना सांगतात, इथे चूल होती, इथे तुळस. मग पाऊस येतो आणि पाणी पुन्हा चढते.

आम्हांला वाटते, कुर्डीकर दरवर्षी जे करतात तो राहून गेलेला संकल्पच आहे. नाव घेणे राहून गेले होते, ते ते घेतात. देवाचे स्थलांतर आपल्याला नवे नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ते संकट धरणाच्या संकटाहून फार क्रूर होते. पण त्या वेळीही मूर्ती ज्यांनी हलवली ती देवाचीच माणसे होती, आणि मागे काय राहिले हे त्यांना नेमके माहीत होते. म्हणून तर साडेचारशे वर्षांनंतरही आपण देवाचे मूळ गाव विसरलेलो नाही.

आता आमची गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी, सनद घेऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, आम्ही एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली सरकारी बाजूची भूसंपादनाची प्रकरणे पाहत होतो. तेव्हा १८९४चा कायदा चालू होता. २०१४ पासून त्याच्या जागी नवा आला. एका बुडालेल्या खेड्यातील म्हातारा शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात आला होता. निवाड्यात त्याची जमीन होती, विहीर होती, आंब्याची झाडे संख्येसह होती. बांधावर एका झाडाखाली देवाचे एक ठाणे होते, ते नव्हते. त्याच्या वकिलाने तो मुद्दा काढला, आणि उत्तर देण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही म्हणालो: ठाण्याची खसऱ्यात नोंद नाही, अर्जदार स्वतःच म्हणतो की ते त्याच्या मालकीचे नाही, गावाचे आहे, गावापैकी दुसरा कोणी मागणी करीत नाही, बाजारभाव म्हणून त्याला किंमत नाही. ज्या वस्तूला धनी नाही तिचा मोबदला द्यायचा कोणाला? युक्तिवाद मान्य झाला. ज्येष्ठांनी पाठ थोपटली.

बाहेर व्हरांड्यात तो म्हातारा भेटला. रागावलेला नव्हता. त्याच्या बोलीत तो जे म्हणाला त्याचा आशय असा: "वकीलसाहेब, देवाचे पैसे मी कशाला मागू? ते तिथे होते, एवढे कागदावर लिहा म्हणत होतो."

कायद्याच्या दृष्टीने आमची बाजू बहुधा बरोबरच होती, आणि आपल्या पक्षकाराची बाजू मांडणे हा वकिलाचा धर्म होय. हे आम्ही स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. परंतु एक गोष्ट बोचत राहते. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मल्लिक घराण्याच्या खटल्यात असा निर्णय दिला की प्रतिष्ठित मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिला कुठे ठेवावे ह्याविषयी तिची इच्छा मानली पाहिजे, आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी निःस्वार्थ असा कोणी तिच्या वतीने नेमला जावा. हा निर्णय कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. आम्हीही त्यावर परीक्षेत उत्तर लिहिले होते. झाडाखालच्या शेंदरी दगडाला तो निर्णय लागू पडला असता की नाही, ह्यावर विद्वानांनी वाद घालावा. पण त्या दुपारी 'ह्याला धनी नाही' असे म्हणताना आम्हांला तो आठवलाही नाही, हे खरे. की आठवला आणि आम्ही तो दाबून ठेवला? इतक्या वर्षांनंतर शपथेवर सांगता येणार नाही.

आपल्याकडे अपराध 'पोटात घालण्याची' विनंती करण्याची चाल आहे. आईला करतात, देवाला करतात. जलाशयाला विनंतीही करावी लागत नाही. तो आपण होऊन सर्व पोटात घालतो, ठाणी, जोती, सांडपाणी, विसर्जित मूर्ती. म्हणून आम्हां सभ्य लोकांना गढूळ पाणी सोयीचे असते. दिसत नाही ते झालेच नाही, असे वागता येते. शाहपुऱ्याचे पाणी नितळ नसल्याबद्दल आमच्या वसाहतीत तक्रार करणारे पुष्कळ. पण उद्या ते खरोखरच नितळ झाले, तर तळाशी काय काय आपले निघेल ह्या विचाराने थोडे तरी दचकणार नाही असा गृहस्थ विरळा.

आणि म्हणूनच भाच्याला आधी दिलेले उत्तर आम्ही मागे घेतले. मालकी पालटली म्हणून तू पोहण्यास मोकळा आहेस, हे कारण चुकीचे होते. तू अवश्य उतर. पण कारण दुसरे आहे. दिवाणी न्यायाधीशाला वादाची जागा स्वतः जाऊन पाहण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे, आणि कागदावर न उमटलेली गोष्ट पुष्कळदा तिथेच कळते. बुडालेल्या गावाची अशी पाहणी करायला पाणबुड्यावाचून कोण जाणार? कोणी मुळीच न पाहण्यापेक्षा हौशी माणसाने पाहिलेले बरे. एवढेच की खाली काय आहे ते उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि वर आल्यावर सांगावे. तो म्हणाला, त्यांच्यात तसाही दंडक आहे, खालच्या कशालाही हात लावायचा नाही, काही उचलायचे नाही. पायाच्या एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. आमच्या धंद्यातील कित्येकांना हा दंडक शिकवावा असा आहे. पण ते राहो.

मग आम्ही त्याला त्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. काळोख पडला होता, आणि पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात उतरले होते. सर्व ऐकून घेऊन त्याने एकच विचारले: "मामा, त्या देवाचे नाव काय?"

प्रकरणाचे कागद आम्ही डोळ्यांपुढे आणून पाहिले. गट क्रमांक आठवला, आंब्यांची संख्या आठवली. नाव कागदात नव्हते. आणि त्या दिवशी व्हरांड्यात म्हातारा समोर उभा असताना आम्ही ते विचारलेही नव्हते.